बुधवारची पिवळी चिठ्ठी

१

काळ्या मनुकांवरून भांडण जुंपलं तेव्हा सुनीती टिपणीस रांगेत चौथ्या होत्या आणि त्यांच्या हातात रव्याची एक पिशवी होती. रोह्याच्या ‘ओंजळ सुपर बाजार’मध्ये बुधवारी सकाळी गर्दी असतेच, कारण बुधवार म्हणजे सेल. सेलचा माल ओळखायचा कसा, तर फळीच्या पट्टीत पिवळी चिठ्ठी खोचलेली असते. चिठ्ठीवर मोठा आकडा आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत मालाचं नाव. ते नाव वाचण्याच्या फंदात कुणी पडत नाही. आकडा बघायचा आणि पुडा उचलायचा, अशी इथली रीत.

“तिकडं नव्याण्णव लिवलंय आणि हिकडं एकशे साठ लावता,” सगळ्यांत पुढचे गृहस्थ मनुकांचं पाकीट काउंटरवर ठेवत म्हणाले. “हा कसला सेल?”

काउंटरवर नूतन होती. ती उठून किराण्याच्या रॅककडे गेली आणि पिवळी चिठ्ठी हातात घेऊन परत आली. येताना तिचा चेहरा उतरला होता.

“ही चिठ्ठी भांड्याच्या साबणाची आहे,” ती म्हणाली. “मनुकांना सेल नाय. मी सकाळी दहाला बघितलं तेव्हा साबणाखालीच होती.”

“दहाला बघितलंस, सही केलीस, मग चिठ्ठी काय चालत गेली?” मॅनेजर सुशील मागून आला. त्याने गृहस्थांना नव्याण्णवलाच मनुका दिल्या, कारण दुकानाचा नियमच तसा होता. फळीवर जो भाव, तोच गिऱ्हाइकाला, आणि वरचा फरक चिठ्ठ्या तपासणारीच्या पगारातून. किराण्याच्या चिठ्ठ्या नूतन तपासायची.

“हा पाचवा बुधवार,” सुशील म्हणाला. “पहिल्यांदा मी चूक म्हणालो. दुसऱ्यांदा दुर्लक्ष म्हणालो. आता ओळखीपाळखीच्यांना स्वस्तात माल द्यायची ही युक्ती असेल, तर तिला काय म्हणायचं ते तूच सांग.”

नूतन हातातली चिठ्ठी उलटीपालटी करून बघत राहिली. रांगेत मागे उभी असलेली एक बाई मात्र शेजारणीला “चोरीच ती” असं म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“पेणच्या मालकांचा निरोप आहे,” सुशील आवाज खाली आणून म्हणाला. “पुढच्या बुधवारी एक जरी तक्रार आली, तरी गुरुवारपासून यायचं नाही.”

सुनीतीबाईंनी एकतीस वर्षं रोह्याच्या शाळेत गणित शिकवलं होतं. नूतन आठवीत होती तेव्हा सहामाहीचा पेपर हातात घेऊन टीचर्स रूमच्या दारात उभी राहिली होती. ‘बाई, बेरीज चुकलीय. दोन मार्क जास्त दिलेत.’ दोन मार्क कमी करून घ्यायला आलेली दुसरी मुलगी त्यांना एकतीस वर्षांत भेटली नव्हती. त्याच मुलीला आता चोर म्हणत होते.

“सुशील,” त्या रांगेतूनच म्हणाल्या, “मला एक आठवडा दे.”

सुशीलही त्यांचाच विद्यार्थी. भूमितीत काठावर पास झालेला. बाईंना नाही म्हणायचं त्याला अजून जमत नव्हतं.

“घ्या बाई,” तो म्हणाला. “पण बुधवारपर्यंतच हां.”

२

संध्याकाळी नूतन टिपणिसांच्या ओटीवर बसून चहा पीत होती, आणि सुनीतीबाई जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर यादी करत होत्या. झोपाळ्यावर त्यांचे यजमान शरदराव वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एक कान कायम बायकोच्या उद्योगाकडे असे.

“पाच बुधवारी चिठ्ठी कुठे कुठे सापडली?” बाईंनी विचारलं.

“पहिल्यांदा खजुराखाली. मग अळीव. मग नाचणीसत्त्व, मग परत खजूर. आज मनुका.”

“आणि चिठ्ठ्या खोट्या होत्या का?”

“नाय बाई. खऱ्याच. पण दुसऱ्या मालाच्या. कधी साबणाच्या, कधी अगरबत्तीच्या. तिकडची जागा रिकामी आणि चिठ्ठी इकडं.”

“तक्रारी किती वाजता?”

“अकराच्या पुढंच. दहाला सगळं जागच्या जागी असतं. माझ्या डोळ्यांनी बघते मी.”

“कॅमेरा?”

“दारावर एक आणि काउंटरवर एक. रॅककडं नाय.”

“दहापर्यंत रॅकपाशी आणखी कोण असतं?”

नूतन थोडी घुटमळली. “प्रविण असतो. पेणच्या दुकानात चिठ्ठ्या तो छापतो. राहतो पेणजवळ जित्याला. दर बुधवारी सकाळच्या गाडीनं चिठ्ठ्या घेऊन येतो, लावतो आणि पेणला परत जातो. मी मागनं तपासते.”

“त्याचं तुझं काही भांडण?”

“भांडण नाय. पण माझ्या जागेसाठी त्याच्या बहिणीनं अर्ज केला होता. मला लागली, तिला नाय लागली.”

झोपाळा थांबला. शरदरावांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. “अगं, खजूर, अळीव, नाचणी,” ते म्हणाले, “ही यादी चोराची दिसत नाही. कुणाच्या घरी बाळंतीण आहे का बघा.”

नूतनने कप खाली ठेवला. तिचे डोळे मोठे झाले होते.

“प्रविणच्या बायकोला मुलगी झालीय,” ती म्हणाली. “दोन महिने झाले.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतीबाई रोह्याहून गाडीत बसल्या. नागोठणं, कासू मागे पडलं आणि पेण आलं. रामवाडीत हायवेजवळ ‘ओंजळ’चं मोठं दुकान होतं. आत माळ्यावर एका लहानशा खोलीत प्रविण प्रिंटरसमोर बसला होता. तिशीचा, बारीक, डोळे झोपेने तारवटलेले. बाईंनी आल्याचं कारण सरळच सांगितलं. आडून विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही आडूनच येतं, हा त्यांचा शाळेतला अनुभव होता.

प्रविणला राग आला नाही. त्याला वाईट वाटलं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं.

“मॅडम, बहिणीला इथंच पेणला पापडाच्या कारखान्यात काम लागलंय. नूतनशी माझं काय वाकडं नाय,” तो म्हणाला. “आणि चिठ्ठी तर जास्तीची निघतच नाय. रोह्याला चाळीस नेतो, बुधवार संपला की चाळीस मोजून परत घेतो. एक इकडची तिकडं झाली तर लगेच कळतं.”

“मग इकडची तिकडं कोण करतं?”

“मी नाय. मी पावणेदहाला दुकानातनं निघतो. तुमची तक्रार अकराला येते तेव्हा मी इथं जिना चढत असतो. हजेरी बघा.”

हजेरी बघितली. पाचही बुधवारी त्याचा अंगठा अकराच्या आत पेणच्या यंत्रावर उमटला होता.

“आणि अळीव, खजूर?” बाईंनी विचारलं.

आता प्रविण हसला. “कुणी सांगितलं, पोरगी झाली म्हणून? अळीव मी इथनंच घेतो, कामगारांच्या भावात. सेलपेक्षा कमी पडतं.” त्याने मोबाइल काढून मुलीचा फोटो दाखवला. टोपरं नाकावर आलेलं आणि मूठ गालाशी. “आई म्हणते, अळीव दे, डिंक दे, खारीक दे. डिंकाचे लाडू करून करून घरात उभं राहायला जागा नाय.”

बाईंनी फोटो बराच वेळ बघितला, मुलीला छान म्हटलं आणि मग त्यांच्या हातातला मोबाइल तसाच राहिला.

“डिंक,” त्या म्हणाल्या. “नूतनच्या यादीत डिंक नाही, खारीक नाही. शेपा नाहीत, बाळंतशेपा. उलट काळ्या मनुका आहेत.”

“मनुका डॉक्टर सांगतात, रक्तासाठी,” प्रविण म्हणाला. “हिला पण लिहून दिल्या होत्या.”

खजूर, अळीव, नाचणी, काळ्या मनुका. मॅनेजर भाव बघत बसला होता, शरदरावांनी बाळंतीण बघितली होती, आणि घरात बायकांची आजारपणं काढलेल्या सुनीतीबाईंनी समोरचं पथ्य ओळखलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला. कुणाच्या तरी अंगात रक्त कमी होतं.

४

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. खिडकीतून कासूची मोकळी शेतं दिसत होती, भात केव्हाच कापून झालेलं, वालही निघालेले. बाईंनी वही उघडली.

समजा, एखाद्याला मनुका स्वस्त हव्या आहेत. तो चिठ्ठी हलवेल, पुडा घेऊन काउंटरवर येईल आणि भांडेल. फळीवरचा भाव त्याला मिळेल, कारण नियम आहे. म्हणजे पाचही बुधवारी भांडणारा एकच हवा. पण भांडणारी पाच माणसं पाच वेगळी होती, नूतन त्यांना ओळखत होती, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. मग ज्याने चिठ्ठी हलवली त्याला स्वस्त माल नकोच होता. त्याला माल स्वस्त दिसायला हवा होता.

कुणाला दिसायला?

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. पाच आठवडे सगळे तक्रारी करणाऱ्यांना मोजत होते. त्याच सकाळी तोच पुडा घेऊन, पूर्ण पैसे भरून, एक शब्द न बोलता निघून गेलेल्या माणसाला कुणीच मोजलं नव्हतं.

स्टेशनवरून त्या घरी न जाता दुकानातच गेल्या. सुशीलने कुरकुर केली, पण पाचही बुधवारच्या बिलांच्या नकला काढून दिल्या. नूतन आणि बाई मागच्या गोदामात पोत्यांवर बसल्या. दहा ते अकराच्या मधली बिलं चाळायला अर्धा तास लागला. खजूर, पूर्ण भाव, रोख. पुढच्या बुधवारी अळीव, पूर्ण भाव, रोख. नाचणीसत्त्व तसंच, मनुका तशाच. आणि प्रत्येक बिलावर दुसरी वस्तू एकच होती, आलेपाकाची एक पुडी.

“आलेपाकवाले बाबा,” नूतन हळूच म्हणाली. “खांब गावचे. गुणाजी नाव आहे त्यांचं. धोतर, पांढरी टोपी. कधी सुट्ट्यासाठी थांबवत नाय, पैसे मोजूनच आणतात. बायको असते सोबत, शांतीआजी. पण बाई, ते असलं काय करायचे नाय हो.”

“करतात की नाही ते बुधवारी कळेल. त्याआधीची बिलं निघतात का?”

सुशीलने आणखी नकला काढल्या. बाई एकेक बिल मांडीवर लावत गेल्या. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर. खजूर आणि आलेपाक. मनुका आणि आलेपाक. पार दिवाळीनंतरच्या आठवड्यापर्यंत, एकही बुधवार न चुकता.

“म्हणजे साडेपाच महिने,” नूतन म्हणाली.

“आणि तक्रारी फक्त पाच,” बाई म्हणाल्या. “शेवटच्या पाच बुधवारी. त्याआधी चार महिने चिठ्ठी हलली असेल, तर कुणालाच दिसली कशी नाही?”

नूतनने बिलांची चळत पुन्हा बांधली. घरी गेल्यावर शरदरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “काखेत कळसा आणि पेणला वळसा,” ते म्हणाले. बाईंनी त्यांना भाकरी वाढली आणि ऐकू न आल्याचं दाखवलं.

५

बुधवारी दहा वाजून वीस मिनिटांनी सुनीतीबाई तांदळाच्या पोत्यांमागे उभ्या होत्या. आयुष्यभर मुलांच्या कॉप्या पकडल्या, पण आपण लपून बसायची ही पहिलीच वेळ होती आणि त्यांचे गुडघे कुरकुरत होते. काउंटरवर नूतन बिलं करत होती. तिने दोनदा चुकीची कळ दाबली. आज एक तक्रार, आणि उद्या ती घरी.

साडेदहाला दारातून दोघं आली. म्हातारे ताठ होते. आजी काठी टेकत, एक पाय ओढत चालत होत्या, आणि त्यांच्या दंडावर कापसाचा बोळा पट्टीने चिकटवलेला होता. सुई घेऊन थेट दवाखान्यातूनच आल्या होत्या. म्हणून बुधवार, बाईंच्या लक्षात आलं. सेलचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता, दवाखान्याचा होता.

“तू सावकाश ये गो,” गुणाजीबाबा म्हणाले आणि पुढे झाले.

ते साबणाच्या रॅकपाशी थांबले. इकडेतिकडे बघितलं. पिवळी चिठ्ठी दोन बोटांनी ओढली, धोतराच्या सोग्यात लपवली, किराण्याच्या रॅकपाशी आले आणि खजुराच्या पुड्यांखाली खोचली. ऐंशीच्या आसपासच्या त्या माणसाने मान वळवून पुन्हा एकदा मागे बघितलं. पहिल्यांदा कॉपी करणारा मुलगा असाच मागे बघतो, हे बाईंना ठाऊक होतं.

“हिकडं बघ,” ते मोठ्याने म्हणाले. “खजूर उतरलाय.”

शांतीआजी आल्या. त्यांनी आधी चिठ्ठीकडे बघितलं, मग पुडा हातात घेऊन दाबून बघितला. “किती उतरला?”

“पन्नास.”

“मंग घ्या,” आजी म्हणाल्या, आणि काठी टेकत दाराजवळच्या स्टुलाकडे निघाल्या.

बाईंनी खजुराखालची चिठ्ठी काढून साबणाखाली लावली. आजची तक्रार टळली. पण नूतनवरचा डाग तेवढ्याने जाणार नव्हता. त्यांनी आलेपाकाच्या बरण्यांपाशी बाबांना गाठलं आणि नमस्कार केला.

“मी टिपणीसबाई. शाळेतली.”

“व्हय, व्हय. आमच्या नितेशला गनित तुमीच शिकवलं.”

“चिठ्ठी मी परत लावली, बाबा.”

गुणाजीबाबांनी पुडा छातीशी धरला. मग म्हणाले, “पैसं मी पुरं देतो बाई. कदी रुपया कमी दिला नाय.”

“ठाऊक आहे. म्हणूनच सापडलात.”

ते बरण्यांच्या आडोशाला सरकले आणि स्टुलाकडे पाठ करून हळू आवाजात सांगू लागले.

“पैशाचं नाय वो. भात हाय, वाल हायत, नितेश कंपनीत शिफ्टला जातो. पन हिचं रगत कमी झालं. डाक्टर म्हनला, सुई घ्या आनि खजूर, मनुका खा. सुई घेती. खजुराला हात लावीना. उभा जल्म हिनं बाजारात भाव पाडल्याबिगर काय घेतलं नाय. वालाच्या टोपलीपासून कानातल्या कुड्यांपर्यंत, दुकानदार म्हनंल त्या भावात घेतलेली एक वस्तू घरात नाय. आनि हितं भांडायचं कुनाशी? बिलाच्या यंत्राशी? मी म्हनलं, मी देतो ना पैसं. म्हनली, भाव उतरंल तवा घेईन.” त्यांनी टोपी सारखी केली. “कार्तिकात एक दिवस बगितलं, पिवळी चिठ्ठी असंल तिथला पुडा तिनं गपचिप उचलला. मंग दुसऱ्या बुधवारी म्या चिठ्ठी सरकवली.”

“आणि परत का नाही लावलीत?”

“तिच्या देखत कशी लावू? मला वाटलं, दुकानातली मान्सं लावत असतील. इतकं दिस कोन काय बोललंच नाय.”

बाईंनी त्यांना नूतनबद्दल सांगितलं. पाच बुधवार, कापलेला पगार, रांगेत उच्चारलेला तो शब्द, आणि उद्या जाणारी नोकरी. ऐकताना बाबांची मान खाली खाली जात राहिली.

“ती पोरगी?” ते म्हणाले. “ती मला पुडी देताना दर खेपेला म्हनती, बाबा, पायरीवर जपून. आनि म्या तिच्याच पोटावर पाय दिला?”

त्यांनी पुडा काउंटरवर ठेवला, टोपी काढून हातात घेतली आणि सरळ सुशीलच्या टेबलापाशी गेले. बाईंना त्यांच्यामागे जावंच लागलं नाही.

“सायेब, चिठ्ठी मी हलवत होतो. सगळ्या बुधवारी मीच. पोरीचा काय दोस नाय. तिचं जेवढं कापलं असंल तेवढं मी भरतो, वर काय दंड असंल तो सांगा.” मग त्यांनी स्टुलाकडे चोरून बघितलं. “फकस्त हिला कळू देऊ नका. कळलं तर ती खायची बंद व्हईल.”

“नाही कळणार, बाबा,” बाई म्हणाल्या. सुशीलने बाईंकडे बघितलं, बाईंनी नूतनकडे, आणि नूतन खजुराचा पुडा हातात धरून उभी होती. सुशील फोन घेऊन बाहेर गेला. पेणच्या मालकांशी तो बराच वेळ बोलला. आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

“तुझे कापलेले पैसे या पगारात परत येतील,” तो नूतनला म्हणाला. “आणि त्या दिवशी मी रांगेसमोर जे बोललो, ते बोलायला नको होतं. बाबा, तुम्ही पाकीट आत ठेवा. आपला हिशोब झाला.”

नूतन आठवडाभर रडली नव्हती. आता तिने ओढणी तोंडाला लावली.

६

कोडं सुटलं होतं. सुशील खूश, नूतनची नोकरी राहिली, बाबा पैसे मोजत होते. पण सुनीतीबाईंना बेरीज जुळल्याशिवाय वही मिटता येत नसे. चिठ्ठी चार महिने हलत होती आणि चार महिने कुणी भांडलं नव्हतं. दुकानातली माणसं ती परत लावत नव्हती, कारण दुकानातल्या माणसांना काही ठाऊकच नव्हतं. मग कुणी लावली? आणि पाच आठवड्यांपूर्वी त्याने लावायचं का सोडलं?

दाराजवळ पंख्याखाली शांतीआजी बसल्या होत्या. काठी मांडीवर आडवी. बाई त्यांच्याशेजारी कट्ट्यावर टेकल्या.

“पायाला काय झालं, आजी?”

“शिमग्यात मुरगळला. पालखीम्होरं उभी व्हती, धक्का लागला. आता पाचसा आठवडं झालं, उचलत नाय मेला.”

शिमगा. पहिली तक्रार शिमग्यानंतरच्या बुधवारची होती. सुनीतीबाई त्या काठीकडे बघत राहिल्या, आणि त्यांना सगळं एकदम कळलं.

“चिठ्ठी परत तुम्ही लावत होतात,” त्या हळूच म्हणाल्या.

आजींनी आधी काउंटरकडे बघितलं. बाबा नूतनशी काहीतरी बोलत होते, ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

“व्हय,” आजी म्हणाल्या.

“तुम्हाला वाचता येतं?”

“नाय गो बाय. वाचायला कशाला यायला हवं? ह्यो मानूस कुठं थांबला, कुठं हात घातला, तेवढं मला लांबून कळतं. साठ वरसं बगतीय त्याला. त्यो पैसं द्यायला रांगंत लागला की मी उठायची, चिठ्ठी काडायची आनि जिथली तिथं लावून यायची. मागनं येनाऱ्याची फसगत नको. आता येकदा आत जाऊन येते तेवढ्यात पाय भरतो. दुसऱ्यांदा जाववत नाय.” त्यांनी काउंटरवरच्या नूतनकडे बघितलं. “पोरीला तरास झाला काय गो?”

“झाला. पण मिटलं आता. तिची नोकरी राहिली.”

“देव पावला,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी नूतनच्या दिशेने हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली.

बाईंना विचारावंसं वाटलं, आणि विचारू नये असंही वाटलं. शेवटी विचारलंच. “खरा भाव ठाऊक होता, तरी घेत होतात?”

शांतीआजी हसल्या. पुढचे दोन दात नव्हते.

“मी बाजारात भाव पाडायला लागली की ह्यो मानूस लांब जाऊन उबा ऱ्हायचा. कापडवाल्याच्या दारात, तोंड फिरवून. लाज वाटायची त्याला. मी चार आन्यासाठी तासभर भांडायची आनि ह्यो तिकडं आभाळ बगत. उभ्या जल्मात कुनाला येक पैसा कमी कर म्हनला नाय.” त्यांनी दंडावरचा कापूस अंगठ्याने दाबला. “त्यो मानूस आता ह्या वयात, हात कापतात तरी, चोरून माझ्यासाठी भाव उतरवतो. आनि मी खाऊ नको? मला खजूर आवडत बी नाय गो. दाताला चिकटतो.”

सुनीतीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

“त्याला सांगू नका हां,” आजी म्हणाल्या. “त्याला वाटतंय मला ठाव नाय.”

“नाही सांगत,” बाई म्हणाल्या. अर्ध्या तासात हे दुसरं वचन होतं, आणि दोन्ही वचनं एकाच घरातली होती.

बाबा पिशवी घेऊन आले. त्यांनी आजींना दंडाला धरून उठवलं, पायरीवर आधी स्वतः उतरले आणि मग हात दिला. आलेपाकाची पुडी फोडून एक तुकडा आजींच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला, आणि दोघं एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.

पुढच्या बुधवारी सुनीतीबाई पुन्हा रव्यासाठी गेल्या. रवा घरात भरपूर होता. आजींचं जुनं काम त्यांनी नूतनला सांगून ठेवलं होतं. अकराला पाच मिनिटं कमी असताना नूतन काउंटरवरून उठली, मनुकांखालची पिवळी चिठ्ठी काढून अगरबत्तीखाली लावून आली आणि जाता जाता स्टुलाकडे बघून मान हलवली. स्टुलावरूनही मान हलली. बाबा रांगेत पैसे मोजत होते, त्यांनी काही बघितलं नाही. त्या सकाळी ‘ओंजळ’मध्ये एकही तक्रार आली नाही.

सुशीलने नवीन वही केली होती. चिठ्ठी जागा सोडून सापडली तर तारीख, माल आणि कारण लिहायचं, असा पेणचा हुकूम. नूतनने वही बाईंपुढे सरकवली. तारीख होती, माल होता, आणि कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘चिठ्ठी हलली होती. जागेवर लावली.’

“एवढं पुरे ना, बाई?” तिने विचारलं.

एकतीस वर्षं सुनीतीबाईंनी रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाचे मार्क कापले होते. त्यांनी नूतनच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.